टाळ धरावा कसा

आमच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी टाळ वाजवू नयेत, असा आदेश आम्हीच एकदा दिला होता. तो लेखी नव्हता. २०२२ सालच्या आगमनकाळातील एका रविवारी, दुसरी मिस्सा आटोपल्यावर, सॅक्रिस्टीच्या दारात उभे राहून, अंगावरची मिस्सावस्त्रे उतरवता उतरवता आम्ही तो बोलून गेलो. ज्यांना उद्देशून बोललो ते गृहस्थ पंचाहत्तरीच्या पलीकडचे. काखेत उपरण्यात गुंडाळलेली टाळांची जोडी. “बरं, फादर,” एवढेच ते म्हणाले आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरून गेले. त्या क्षणी आम्हाला काही चुकल्यासारखे वाटले नाही. उलट, बरेच दिवस रेंगाळलेली एक कटकट मिटली, असे समाधानच वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ही कटकट कोणत्या जातीची होती, हे पुण्यातील बहुतेक धर्मग्रामांना ठाऊक आहे. येथील ख्रिस्तसभा मुळातच बाहेरगावाहून आलेल्यांची. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर क्वार्टर गेटचे चर्च उभे राहिले, ते पेशव्यांच्या फौजेत चाकरीला असलेल्या गोवेकरांसाठी. पुढे छावणीच्या आणि नोकऱ्यांच्या निमित्ताने तमिळ, मंगळूरकर, मल्याळी आले. आणि नगर जिल्ह्यातून (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) मराठी कुटुंबे आली, बहुधा दुष्काळाच्या मागोमाग. प्रत्येकाने आपापला सूर बरोबर आणला. गोवेकरांनी व्हायोलिन आणले, नगरकरांनी पखवाज आणि टाळ. एका छपराखाली हे सारे वाजू लागले की तक्रारी प्रमुख धर्मगुरूच्या दाराशी येतात. आमच्याकडे आलेल्या तक्रारी तीन होत्या. टाळांच्या आवाजात गीताचे शब्द बुडतात. लहान मुले दचकून रडतात. आणि तिसरी, जरा हलक्या आवाजात सांगितलेली: हे देवळातले वाद्य, फादर, ते आपल्याकडे कशाला?

या तिसरीला आमच्याजवळ उत्तर होते. आम्ही पुण्यातच, रामवाडीच्या सेमिनरीत शिकलो. स्थानिक संस्कृतीतून उपासना फुलली पाहिजे, हा धडा तेथे आम्ही इतका घोकला की झोपेतही म्हणून दाखवला असता. याच पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली फादर गी देलरी या फ्रेंच जेझुइटांचा विठोबाच्या उपासनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गृहस्थ वारकऱ्यांबरोबर पायी पंढरपूरला गेले होते. शनिवार पेठेत फादर लेदर्ले यांनी स्नेहसदन उभे केले आणि संतांच्या वाङ्मयाचा अभ्यास चालवला. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाने टाळाला परका कसा म्हणावा? तेव्हा ती तक्रार आम्ही हसून परतवली.

पहिलीला मात्र उत्तर नव्हते, कारण ती खरी होती. टाळ कर्कशच वाजत होते. ते तसे का वाजतात, हे कोणाला तरी विचारावे, एवढे मात्र सुचले नाही.

आपल्या निर्णयाला आधार शोधण्याची खोड सेमिनरीत शिकलेल्या माणसाला जन्मभर पुरते. आधार सापडलाही. दहावे पियुस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात पियानोला चर्चमध्ये बंदी आहे आणि त्याच्या जोडीला गलबल्याच्या वाद्यांनाही: ढोल, झांजा, छोट्या घंटा आणि तत्सम. म्हणजे झांजेचे नाव घेऊन तिला बाहेर काढलेले! पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि दार उघडले. पवित्र कार्याला साजेशी असतील, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभतील आणि भाविकांची भक्ती वाढवतील, ती वाद्ये चालतील, असे ठरले. आम्ही प्रवचनांतून १९६३चे नाव घेत होतो आणि सॅक्रिस्टीच्या दारात १९०३चा कायदा चालवत होतो.

खरे तर त्याही आधीचे एक पुस्तक टेबलावर उघडे होते. दीडशेवे स्तोत्र आम्ही किती वेळा म्हटले असेल! त्यात कर्णा आहे, वीणा आहे, डफ आहे, पावा आहे, तंतुवाद्ये आहेत. पण एकच वाद्य असे आहे, की ज्याचा उल्लेख दोनदा येतो, आणि ते म्हणजे झांज. एक निनादणारी, एक दणदणणारी. स्तोत्रकर्त्याला त्या दोन आवाजांतला फरक कळत होता. आसाफाचे नाव तर बारा स्तोत्रांच्या माथ्यावर आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या आणि सोळाव्या अध्यायांत पाहावे: कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दाविदाने ज्या गायकांना नेमले, त्यांत हा आसाफ प्रमुख, आणि त्याच्या हाती काशाच्या झांजा. म्हणजे आपल्या पहिल्या गायकवृंदाचा नायक टाळकरी होता, असे म्हणण्यास हरकत नसावी. मुख्य याजक अहरोन याच्या झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरे लावली होती. तो पवित्रस्थानात जाताना आणि येताना त्यांचा आवाज लोकांच्या कानी पडावा म्हणून.

पौलाने मात्र प्रीतीवाचून बोलणाऱ्याला वाजणाऱ्या काशाची आणि झणझणत्या झांजेची उपमा दिली, हे कोणीतरी आठवण करून देईलच. करिंथ हे शहर काशाच्या कामासाठी प्रसिद्ध होते. तेथल्या लोकांना ही उपमा घरची वाटली असेल. पण पौलाचा रोख वाजवणाऱ्यावर आहे, वाद्यावर नाही. हे आम्हाला फार उशिरा उमगले, आणि तेही शास्त्र वाचून नव्हे.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांची ती तत, फुंकीची ती सुषिर, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध, आणि जी स्वतःच भरीव असून आघाताने बोलतात ती घन. टाळ, झांज, मंजिरी, घंटा, घुंगरू, चिपळ्यांतल्या पितळी चकत्या, लेझमीची साखळी, हा सगळा घन वर्गाचा गोतावळा. ताशाचे भांडे तांब्याचे असले तरी बोलते त्याचे तोंड, म्हणून तो या घरातला नव्हे. आपल्या भाषेतही हा गोतावळा खोल गेला आहे. आपण वेळ ‘तासां’त मोजतो; जुन्या मराठीत तास म्हणजे ठोके देण्याची काशाची थाळीसुद्धा. घड्याळाचे टोल पडतात. फुटक्या भांड्याला आपण ‘बद्द’ म्हणतो. आणि भक्ती पसंत नसलेला शहाणा माणूस वारकऱ्याला ‘टाळकुटे’ म्हणून मोकळा होतो.

घंटा आणि चांगला टाळ एकाच धातूचे असतात, हे आमच्या तक्रारदारांना ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. ते कांसे. सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील. तांबे मऊ, कथील त्याहून मऊ. दोघे या प्रमाणात एकत्र आले की कडक होतात, खणखणीत होतात आणि ठिसूळही होतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके घालून मठारकाम करतात, तसे थंड काशावर करता येत नाही, ते तडकेल. म्हणून ते ओतावे लागते. (तांबट आळीतून विद्यार्थिदशेत आम्ही मुद्दाम चालत जात असू. चार घरांतल्या चार हातोड्या, कोणी कोणाकडे पाहत नाही, तरी लय जमलेली! आता तेथील ठोके विरळ झाले आहेत.) बाजारात हल्ली पितळी टाळ पुष्कळ मिळतात. ते स्वस्त पडतात, पण त्यांचा नाद आखूड. इस्तंबूलमध्ये १६२३ साली झिल्जियन या आर्मेनियन ख्रिस्ती घराण्याने झांजा ओतण्याचा कारखाना काढला. तेथेही तांबे ऐंशी, कथील वीस. सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदाला त्यांच्या झांजा लागत. त्याच घराण्याच्या अमेरिकेत ओतलेल्या झांजा आज जगभरच्या वाद्यवृंदांत वाजतात.

धातू एक असला की वस्तूंचे स्थलांतरही सोपे होते. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकी ही एक मानतात. भीमाशंकरची घंटाही त्यांतलीच सांगतात. वसईच्या आमच्या बंधूंना या घंटांविषयी हळहळ वाटते, ती स्वाभाविक आहे. पण मेणवलीला उभे असताना आमच्या मनात निराळाच विचार आला. देवळात येणारा प्रत्येक जण घंटा स्वतः वाजवतो आणि देवाला सांगतो, मी आलो. चर्चमध्ये घंटा एकच माणूस वाजवतो, आणि ती देवाला नव्हे, माणसांना सांगते, या. धातू तोच, लोलक तोच. दोरी कोणाच्या हातात, एवढाच प्रश्न. आमच्या धर्मग्रामात ती आमच्या हातात होती.

आता तात्यांकडे येतो. टाळ बगलेत घेऊन पायऱ्या उतरलेले ते हेच. १९७२च्या दुष्काळात राहुरी तालुक्यातून पुण्याला आले, गवंड्याच्या हाताखाली राबले, पुढे स्वतः गवंडी झाले. आमच्या आदेशानंतर ते मिस्साला येण्याचे थांबले नाहीत. दर रविवारी उजवीकडच्या चौथ्या बाकावर येऊन बसत, आणि उपरण्यातली ती जोडी मांडीवर असे. गाठ सोडत नसत. वेदीवरून ती गाठ आम्हाला दिसे. प्रारंभी ते आम्हाला हट्टासारखे वाटले; महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही त्या बाकाकडे पाहण्याचे टाळू लागलो.

२०२३च्या जून महिन्यात पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात उतरते, तुकाराममहाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. क्वार्टर गेटच्या चर्चपासून दोन्ही चालण्याच्या अंतरावर. मुक्कामाच्या दिवशी त्या भागातल्या शाळा, वाडे, मांडव दिंड्यांनी भरून जातात. आम्ही नाना पेठेत एका आजारी बाईंना कम्युनियन देऊन परतत होतो. एका शाळेच्या पटांगणात भजन चालले होते. पावसाची सर आली म्हणून आम्ही व्हरांड्यात शिरलो आणि तेथेच खिळलो.

मध्ये वीणेकरी, एका बाजूला पखवाज, आणि समोरासमोर दोन रांगांत टाळकरी. जोड्या मोजल्या, एकोणचाळीस भरल्या. आमच्याकडे सहा जोड्यांनी शब्द बुडत होते. येथे एकोणचाळीस जोड्या असून, गळ्यात वीणा अडकवलेल्या त्या किडकिडीत गृहस्थाचा शब्दन् शब्द व्हरांड्यापर्यंत येत होता. तो चरण उचले तेव्हा टाळ जवळजवळ श्वासावर येत. सर्वांनी मिळून तो चरण परत घेतला की टाळही उठत, आणि पुढच्या क्षणी पुन्हा खाली. कोणी खूण करत नव्हते. आणि डावीकडच्या रांगेच्या शेवटी, पाय मुडपून, उपरणे खांद्यावर टाकून तात्या बसले होते. त्यांच्या हातात त्यांची जोडी होती.

त्यांनी आम्हाला पाहिले. हात थांबला नाही. आम्ही सर ओसरायच्या आत तेथून निघालो, आणि भिजलो.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आम्ही काही बोलण्याआधी त्यांनीच विषय काढला. “फादर, तिथं दिंडीला पाणी द्यायला गेल्तो. एक जोडी मोकळी दिसली का विचारत्यात, बसा म्हणत्यात. कोण, कुठला, काय बी न्हाई.” त्यात तक्रारीचा स्वर नव्हता. मग त्यांनी उपरणे सोडले आणि ती जोडी प्रथमच आमच्या हातात दिली. जड होती. काठ झिजून धारेसारखे पातळ झाले होते. ती त्यांच्या आज्याची.

आजा जातीमुळे गावच्या विठोबाच्या देवळात जाऊ शकत नसे. वेशीजवळ बसून टाळ वाजवी. पायी पंढरपूरला जाई, ते चोखोबाच्या पायरीपर्यंत. त्याच्या पुढे वाट नव्हती. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले झाले ते साने गुरुजींच्या १९४७च्या उपोषणानंतर, आणि तोवर तात्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला होता. गावातल्या मिशनच्या फादरांनी भजने चालू ठेवू दिली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला हाच टाळ जाई. “तुमास्नी कुणीतरी सांगितलं का हे देवळातलं वाजाप हाय,” तात्या म्हणाले. “सांगनारे खोटं बोलत न्हाईत. पन हा टाळ देवळातला न्हाई, फादर. देवळात ह्याला कुनी कधी घेतलाच न्हाई. छपराखाली आत गेला, तो पहिल्यांदा चर्चमधीच.”

आम्ही काय उत्तर देणार? बराच वेळ ती जोडी हातात धरून बसलो, आणि मग कसेबसे विचारले की, वाजवतात कसा.

“वाजवायचं मागून. आधी धरायचा कसा, ते बघा.”

सलग पाच शुक्रवार आम्ही त्या खोलीत शिकायला गेलो. पन्नाशी उलटलेला धर्मगुरू फरशीवर मांडी घालून बसला आहे आणि दारातून शेजारची मुले हसत आहेत, हे दृश्य वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. टाळाची दोरी वाटीच्या मधल्या छिद्रातून ओवलेली असते आणि आतल्या बाजूला तिची गाठ असते. ती दोरी फुगवट्याच्या अगदी जवळ धरायची आणि तर्जनीला वेढा द्यायचा. पण वाटीला बोट लागू द्यायचे नाही. वाटी दोरीवर लोंबती राहिली पाहिजे. कातडी धातूला टेकली की नाद मेला. डावी वाटी उताणी, उजवी पालथी. नवशिका दोन्ही वाट्या समोरासमोर सपाट आपटतो. मग मध्ये हवा कोंडते आणि ‘फट्’ असा मुका आवाज निघतो. म्हणून उजवी वाटी किंचित तिरपी आणायची आणि काठाने काठाला भेटायचे. हात खांद्यातून हलत नाही, मनगटातून हलतो. डावी जवळजवळ स्थिर. दोन वाट्यांचा सूर अगदी एकच नसतो. थोडा फरक असतो, आणि त्या फरकामुळेच नाद सरळ न जाता थरथरत जातो. तात्यांनी दोन वाट्या वेगवेगळ्या वाजवून दाखवल्या, मग एकत्र. पस्तीस वर्षे गायकवृंदांच्या सहवासात काढूनही हा कंप आम्ही कधी कानांनी वेचून घेतला नव्हता.

हे झाले अर्धे. उरलेले अर्धे म्हणजे मिटणे. आघात झाल्यावर नादाला किती वेळ जगू द्यायचे आणि केव्हा वाट्या एकमेकींवर टेकवून त्याला मिटवायचे, यातच सारे कसब. भजनी ठेका आठ मात्रांचा. तात्या मात्रा मोजत नसत. “घे, ठेव. घे, ठेव,” असे पुटपुटत. ‘घे’ला टाळ खुला, ‘ठेव’ला मिटलेला. लय चढली की खुल्याचे आयुष्य कमी होते. एकटा गात असेल तर जवळजवळ सगळेच ‘ठेव’. आमचा ‘घे’ तिसऱ्या शुक्रवारी जमला. ‘ठेव’ आजही दर वेळी जमतो असे नाही. आमच्या प्रवचनांविषयीही भाविकांचे हेच मत असल्याचे ऐकतो.

चौथ्या शुक्रवारी मनातला प्रश्न विचारला. तात्यांचा टाळ असा वाजतो, तर आमच्या चर्चमध्ये तो गोंगाट कसला होता? तात्या जरा घुटमळले. तेव्हा कोडे सुटले. भजनी मंडळात सहा जोड्या. तात्या एका जोडीवर. उरलेल्या पाच तरुण मुलांच्या हातात. ही मुले गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकांत वाजवतात. पावसाळा लागला की नदीकाठी पथकांचे सराव सुरू होतात आणि अर्धे पुणे कानांत बोटे घालते, अर्धे पाहायला जाते. तेथे झांज असते: रुंद, चपटी, दोन्ही हात पसरून डोक्याच्या वर आदळायची. शे-दीडशे ढोलांतून ती रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली पाहिजे. तिचे कामच ते, आणि लक्ष्मी रस्त्यावर ते काम ती उत्तम करते. मुलांनी झांजेचा हात टाळाला लावला होता. त्यात आमचे चर्च काँक्रीटचे, भिंती गुळगुळीत, पडदे नाहीत, गालिचा नाही. मोकळ्या पटांगणात जो नाद पावसात विरून जातो, तो येथे छपराला आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. म्हणून येथे आणखी लवकर मिटले पाहिजे. तात्यांना हे सर्व पहिल्या दिवसापासून कळत होते. जन्मभर भिंती उभ्या केलेला माणूस तो.

“मग मुलांना का नाही सांगितलेत?”

“सांगितलं असतं, फादर, तर पोरं यायची बंद झाली असती.”

“आणि मला? मी तुम्हाला बोललो त्या दिवशी?”

तात्यांनी दोरीची गाठ तपासल्यासारखे केले. “तुमी इचारलं न्हाई,” ते म्हणाले.

सहा जोड्यांपैकी दोष नसलेली एकच, आणि आम्ही नेमकी तिच्या धन्याला बंदी केली. कारण तो वयाने मोठा होता, म्हणजे मंडळाचा प्रमुख असणार असे आम्ही गृहीत धरले, आणि तो उलटून बोलणार नाही हे आम्हाला मनातून ठाऊक होते.

पुढच्या रविवारी वेदीवरून आम्ही आमचा आदेश मागे घेतला आणि चूक आमची होती, असे सांगितले. दोन-चार कपाळांवर आठ्या पडल्या. त्या अजून पूर्णपणे गेलेल्या नाहीत. ऑक्टोबरपासून तात्या मुलांना धर्मग्रामाच्या सभागृहात शिकवू लागले. पाचांपैकी दोघे कंटाळून गेले, तीन राहिले, आणि दोन मुली नव्याने आल्या. त्यांतली एक कीबोर्ड वाजवणाऱ्या गोवेकर बाईंची कन्या, हे विशेष. तात्यांनी चर्चमध्ये मात्र पुन्हा टाळ हाती धरला नाही. आम्ही दोनदा विनवले. “आता बोटं येळेवर मिटत न्हाईत,” असे उत्तर आले. त्याच वर्षी जूनमध्ये ती बोटे आम्ही पाहिली होती. आम्ही तिसऱ्यांदा विनवले नाही.

उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून चालतात, म्हणून मंडळाने पास्काच्या रात्रीपर्यंत थांबायचे ठरवले. आज्ञा गुरुवारी गौरवगीताच्या वेळी सर्व घंटा वाजतात आणि मग मुक्या होतात. शुक्रवारभर आणि शनिवारभर घंटा नाही. लाकडी फळीची खटखट तेवढी. लहानपणी आम्हाला वाटे, घंटा रुसल्या आहेत. ३० मार्च २०२४च्या रात्री अंगणात अग्नी पेटवला, पास्काची मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेली, जुन्या करारातली वाचने एकामागून एक झाली. मग आम्ही गौरवगीत उचलले. दिवे लागले. मनोऱ्यावरची मोठी घंटा, वेदीसेवकांच्या हातातल्या छोट्या घंटा, आणि त्यांच्या खालून, शब्दांना वाट देत, पाच जोड्या टाळ. त्यांतली एक काठ झिजलेली. ती त्या रात्रीपुरती तात्यांनी कीबोर्डवाल्या बाईंच्या कन्येला दिली होती.

तात्या उजवीकडच्या चौथ्या बाकावर होते. मांडीवर नुसते उपरणे. उजवा हात गुडघ्यावर, आणि बोटे उघडत होती, मिटत होती.

मिस्सा संपायला मध्यरात्र झाली. आम्ही दाराशी उभे राहून सर्वांना पास्काच्या शुभेच्छा देत होतो. तात्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. आमचा हात हातात घेतला, पण शुभेच्छा दिल्या नाहीत.

“डावीकडून दुसरा पोरगा मिटायला उशीर करतो, फादर,” ते म्हणाले. “आन् तुमची ती लहान घंटा लई घाईत व्हती.”